तारकर्लीचे चार दिवस : पाण्याखाली नेणारी आणि काठावर सांभाळणारी माणसे

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे पती, अकरावीत शिकणारा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई, मालवणजवळच्या तारकर्लीला जाऊन आलो. स्कूबा डायव्हिंग हे निमित्त होते आणि हट्ट मुलाचा होता. मी मात्र थोड्या धास्तीनेच निघाले होते. दोन वर्षांपूर्वी कोकणातच दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही हा प्रकार केला होता. तेव्हा कोणी प्रकृतीची चौकशी केली नव्हती, कान मोकळे कसे करायचे हे नीट शिकवले नव्हते, आणि पावाचे तुकडे टाकून जमवलेल्या माशांसोबत फोटो काढून दहा मिनिटांत आम्हाला वर आणले होते. पतींचा कान त्यानंतर आठवडाभर दुखत होता. त्यामुळे या वेळी समुद्राच्या काठावरचे, स्वतःचे प्रशिक्षक आणि स्वतःची होडी असलेले छोटे निवासस्थान शोधताना मी खोल्यांच्या फोटोंपेक्षा फोनवर मिळणाऱ्या उत्तरांकडे अधिक लक्ष दिले. एका प्रशिक्षकामागे किती जण असतात, असे विचारल्यावर पलीकडून उत्तर आले, "पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसामागे एक माणूस. त्यात तडजोड नाही." तेवढ्यावर मी पैसे भरले.

पहिला दिवस : बुधवार

ठाण्याहून कोकणकन्या एक्सप्रेसने सकाळी कुडाळला उतरलो. नेरूरपार, काळसे, धामापूर असा रस्ता भाताच्या कापून झालेल्या शेतांमधून आणि माडांच्या बागांमधून जातो. धामापूरचा तलाव १५३० सालचा आहे. त्याच्या काठी भगवतीच्या देवळापाशी आम्ही दहा मिनिटे थांबलो. पाणी इतके निवांत होते की पलीकडच्या डोंगराची झाडी त्यात जशीच्या तशी उतरली होती.

तारकर्ली म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. ती दक्षिणेला देवबागपर्यंत जाते आणि तिथे नदी समुद्राला मिळते. आमचे निवासस्थान सुरूच्या झाडांच्या मागे होते. चिऱ्याच्या सहा खोल्या, पुढे सारवलेले खळे म्हणजे अंगण, आणि खळ्याच्या कडेला पाण्याने भरलेले दगडी भांडे व तांब्या. पायांची वाळू धुऊन मगच पडवीत यायचे. मालकीणबाईंना सगळे काकी म्हणत होते, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनी कोकम सरबताचे पेले आणून ठेवले आणि आधार कार्डाच्या आधी विचारले, "जेवणात कोणाला काय चालत नाही?" सासूबाईंनी संकोचत सांगितले की उद्या मार्गशीर्षातला गुरुवार, त्यांचे महालक्ष्मीचे व्रत असते, तेव्हा कांदा-लसूण आणि मासे वर्ज्य. प्रवासात घट मांडता येणार नाही म्हणून त्या घरून फक्त पोथी घेऊन आल्या होत्या. काकी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडेव गुरुवार आसता. तुमी वेगळा कित्याक मांडतास? हयच बसा." सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांना यातले अर्धेच शब्द कळले असावेत, पण अर्थ पूर्ण कळला.

दुपारी सुरमईची तुकडी, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिकले, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी असे जेवण झाले. तिरफळाचा तो जिभेला किंचित बधिर करणारा वास आणि चव शहरातल्या मालवणी खाणावळींत क्वचितच मिळते, कारण तिथे ते सहसा घालतच नाहीत.

खरे काम संध्याकाळी सुरू झाले. पडवीतल्या दिव्याखाली प्रशिक्षकाने प्रत्येकापुढे दोन पानी प्रकृतिपत्रक ठेवले. हा पंचविशीचा मुलगा तिथल्याच मच्छीमार कुटुंबातला. दमा, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार, रक्तदाब, सध्याची सर्दी, चालू असलेली औषधे अशा प्रश्नांपुढे हो किंवा नाही लिहायचे होते. सासूबाईंनीही पत्रक मागून घेतले. त्यांनाही पाण्याखाली जायचे होते, हे आम्हाला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. त्यांनी सगळे प्रामाणिकपणे भरले : रक्तदाबाची गोळी चालू, तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट.

त्या मुलाने ते पत्रक दोनदा वाचले. आमच्यापैकी कोणाला बाजूला बोलावून सांगणे त्याला सहज शक्य होते. तसे न करता तो सासूबाईंच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला आणि त्यांच्याशीच बोलला. पाण्याखाली दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो, गार पाणी आणि भीती यांनी हृदयावर ताण येतो, आणि तिथे काही झाले तर दवाखान्यापर्यंतचा वेळ आपल्या हातात नसतो, हे त्याने साध्या शब्दांत समजावले. शेवटी म्हणाला, "आजी, तुमका दर्यो दाखवतलव, पण वरसून." सासूबाईंनी मान डोलावली. त्या हिरमुसल्या होत्या, पण दुखावल्या नव्हत्या, आणि या दोहोंतला फरक त्या मुलाच्या जमिनीवर बसण्यात होता असे मला वाटते.

जाणाऱ्यांसाठी येथेच एक गोष्ट नमूद करते. तुम्ही कुठेही डायव्हिंग करा, असे पत्रक पुढे आले नाही तर स्वतः मागा, आणि त्यात काही लपवू नका. सर्दी झाली असेल तर बेत पुढे ढकला, कारण चोंदलेल्या नाकाने कानातला दाब सारखा करता येत नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळेल का, हे आधी विचारा. पतींना तो येथे मिळाला.

दुसरा दिवस : गुरुवार

रात्री वारा सुटला. सुरूच्या झाडांचा घोंगावणारा आवाज पहाटेपर्यंत थांबला नाही आणि मध्यरात्रीनंतर वीजही गेली. सकाळी आम्ही तयार होऊन बाहेर आलो, तेव्हा मालक आणि तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख खलाशी, किनाऱ्यावर उभे राहून पाण्याकडे पाहत होते. लाटा फार मोठ्या नव्हत्या, पण किनाऱ्यालगतचे पाणी ताकासारखे गढूळ दिसत होते. तांडेल एवढेच म्हणाले, "आज खाली काय दिसाचा नाय."

त्याच सकाळी कोल्हापूरहून सहा तरुण एका दिवसासाठी आले होते. रात्रभर गाडी चालवून आलेली ती मुले साहजिकच चिडली. लाटा तर काही विशेष नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मालकांनी आवाज न चढवता सांगितले की लाटांनी तळाची वाळू ढवळली आहे, खाली हात लांब केला तर पंजा दिसणार नाही, आणि प्रशिक्षकाला पाहुणा दिसत नसेल तर पाहुण्याला पाण्यात नेणे योग्य नाही. त्यांनी सहाही जणांचे पैसे तिथल्या तिथे परत केले आणि वर घावणे, नारळाची चटणी व चहा देऊनच त्यांना सोडले. हंगामातला एक पूर्ण दिवस बुडणे हे छोट्या व्यवसायाला किती जड जाते, हे मला ठाऊक आहे. पावसाळ्यात हा सगळा व्यवसाय बंद असतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते, म्हणजे वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांतच करायची असते. तरीही त्या दिवशी त्यांची एकही होडी निघाली नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की डायव्हिंगसाठी यायचे तर किमान एक दिवस हाताशी राखून या. एकाच सकाळवर सगळा बेत बांधला, की नकार पचवणे पाहुण्याला आणि नकार देणे यजमानाला, दोन्ही अवघड होते.

वारा दुपारपर्यंत पडला, तेव्हा आम्ही मालवणच्या बंदरातून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली आणि तीन वर्षांत, १६६७ मध्ये, बांधकाम पुरे झाले. किनाऱ्यावर ज्या खडकापाशी शिवरायांनी भूमिपूजन केले तो मोरयाचा धोंडा आजही पुजला जातो. होडी तटाच्या अगदी जवळ आली तरी दरवाजा दिसत नाही, आणि मग दोन बुरुजांच्या वळणात तो अचानक समोर येतो. आत शिवरायांच्या हाताचा व पायाचा चुन्यातला ठसा आहे, राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. सासूबाईंनी साखरबावीत वाकून पाहिले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना मध्ये हे गोडे पाणी, याचे त्यांना संध्याकाळपर्यंत नवल वाटत होते. किल्ल्यावर जाताना टोपी आणि पाणी सोबत ठेवा, सावली कमी आहे. शनिवार-रविवारी होडीसाठी रांग लागते, म्हणून मधला वार निवडलात तर उत्तम.

संध्याकाळी परतलो तेव्हा काकींच्या माजघरात पूजेची तयारी झाली होती. चौरंगावर तांदळाची रास, त्यावर कलश, कलशात पाच झाडांचे डहाळे आणि वर नारळ. देवीला नेसवण्याचे खण दोन होते, एक काकींचा आणि दुसरा त्यांनी सासूबाईंसाठी पेटीतून काढून ठेवलेला. पोथी सासूबाईंनी वाचली. वाडीतल्या पाच-सहा बायका हळदीकुंकवाला आल्या आणि सासूबाईंना त्यांनी घरच्या थोरल्या बाईचा मान दिला. जेवायला काळ्या वाटाण्याचे सांबार, वडे, भोपळ्याची भाजी आणि तांदळाची खीर होती. हे सगळे कांदा-लसणाशिवाय आणि वेगळ्या भांड्यांत शिजवले होते. त्या रात्री इतर खोल्यांतल्या पाहुण्यांसाठी मासे तळले जाणार होते, पण ती चूल मागच्या परसात हलवली होती. हे आम्हाला कोणी सांगितले नाही. पाणी घ्यायला मागे गेले तेव्हा मी ते पाहिले.

तिसरा दिवस : शुक्रवार

सकाळी समुद्र पूर्ण शांत होता. न्याहारीला पेज आणि एकेक आंबोळी एवढेच मिळाले, कारण भरल्या पोटी होडीत मळमळते. साडेसातला आम्ही निघालो आणि सासूबाई आमच्या होडीत होत्या.

डायव्हिंगची जागा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ भागात होती. हा परिसर १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याशी जोडलेला आहे. तांडेलांनी नांगर प्रवाळाच्या खडकावर न टाकता बाजूच्या वाळूत टाकला आणि मुलाने विचारल्यावर कारणही सांगितले : प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह असतो, अगदी हळू वाढतो आणि एका नांगराने क्षणात मोडतो. इथे पाव किंवा बिस्किटे टाकत नाहीत, हेही त्यांनी सांगितले. माशांना आयते खाणे मिळाले की ते खडकावरचे शेवाळ खाणे सोडतात, आणि शेवाळ वाढले की प्रवाळ गुदमरतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याच हातात पावाचा तुकडा होता, हे मला त्या वेळी आठवले आणि मनापासून वाईट वाटले.

उथळ पाण्यात आधी अर्धा तास सराव झाला. तोंडाने श्वास घेणे, मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने जोरात हवा सोडून बाहेर काढणे, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून कान मोकळे करणे, आणि श्वास कधीही रोखून न धरणे. हातांच्या खुणाही शिकवल्या. अंगठा वर केला तर 'छान' असा अर्थ होत नाही, 'मला वर न्या' असा होतो. छान म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये प्राणवायू नसून दाबून भरलेली साधी हवाच असते, हेही मला त्याच दिवशी कळले. मला मास्कमधले पाणी काढणे चार वेळा जमले नाही. प्रशिक्षकाने पाचव्यांदाही पहिल्या वेळेइतक्याच शांतपणे करून दाखवले आणि मगच मला खाली नेले.

आम्ही साधारण सहा मीटरपर्यंत उतरलो. पहिल्या मीटरलाच कानात दडा बसला. मी खूण केली, त्याने मला लगेच हातभर वर घेतले, कान मोकळा होईपर्यंत थांबला आणि पुन्हा खाली नेले. मग आवाज उरला तो फक्त स्वतःच्या श्वासाचा आणि बुडबुड्यांचा. खडकावर मेंदूसारख्या वळ्यांचा प्रवाळ होता, फटींत काळ्या काट्यांचे समुद्री साळू बसले होते, आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा आमच्याकडे न पाहता खडक टोकत होता. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तेव्हा कटकट असा आवाज चक्क ऐकू येतो. आदल्या संध्याकाळी पूजेत मनगटाला बांधलेल्या लाल दोऱ्याकडे माझे लक्ष गेले. तो लाल राहिला नव्हता, राखाडी-तपकिरी दिसत होता. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, हे माझ्या मुलाने नंतर होडीत सांगितले. त्या वेळी मी फक्त तो दोरा पाहत राहिले, आणि वर येताना तो हळूहळू पुन्हा लाल होत गेला.

वर आले तेव्हा सासूबाई होडीच्या काठावर वाकलेल्या होत्या. तांडेलांनी एक जुनी प्लास्टिकची बादली आणली होती. तिचा तळ कापून तिथे काच बसवली होती आणि सांधे डांबराने बंद केले होते. ती बादली पाण्यात चार बोटे दाबली की लाटांची झळाळी नाहीशी होते आणि खालचे सगळे स्वच्छ दिसते. एका हाताने बादली आणि दुसऱ्याने सासूबाईंचा दंड धरून तांडेल पाऊण तास तसेच बसले होते. "तू निळ्या पायांची होतीस, तुझ्याखालून एक मोठा मासा गेला, तुला दिसलाच नाही," सासूबाई मला म्हणाल्या. मला खरोखरच तो दिसला नव्हता. तांडेल लहान असताना त्यांचे वडील खडकातली कालवे शोधायला अशी बादली वापरत, त्याच पद्धतीने ही त्यांनी आदल्या दिवशी, होडी बंद होती तेव्हा, मुद्दाम करून घेतली होती.

मुलाच्या एका कानात नंतर दडा राहिला. प्रशिक्षकाने कानात काही घालू नका, विमानाने जाणार नाही ना, असे विचारले. डायव्हिंगनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळायचा असतो. चिपी विमानतळ जवळ असल्याने सकाळी डायव्हिंग आणि दुपारी विमान असा बेत काही जण आखतात. तो कटाक्षाने टाळावा.

चौथा दिवस : शनिवार

पहाटे किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसांनी ओढत आणायचे, अशी ही जुनी सामुदायिक मासेमारी. आम्हीही दोराला हात लावला. ओला काथ्या तळहाताला कसा सोलतो ते पाच मिनिटांत कळले. तासाभराने जाळे वाळूवर आले. त्यात बांगडे, तारल्या आणि थोडे खवळे होते. रापणकर म्हणाले की पूर्वी एवढ्या जाळ्याला याच्या कितीतरी पट मासळी लागे, मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याकडे येणारे थवेच उचलले. शासनाने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, पण त्यांच्या मते अंमलबजावणी कमी पडते. आमचा प्रशिक्षकही याच कुटुंबांतला. वडिलांची रापण आणि मुलाचा पाण्याखालचा व्यवसाय, दोन्ही त्याच माशांवर उभे आहेत. म्हणून तो प्रवाळाला पाय लावणाऱ्या पाहुण्याला लगेच वर आणतो.

दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. चार बांगडे सासूबाईंच्या पुढ्यातही ठेवले गेले. त्यांनी फक्त आमचे चपला-मोबाइल सांभाळले होते, म्हणून त्या नको म्हणू लागल्या. रापणकरांनी ते काकींच्या टोपलीत टाकले आणि दुपारी आमच्या ताटात आले.

निघताना काकींनी सासूबाईंची ओटी भरली. गाडीसाठी केळीच्या पानात गुंडाळलेले घावणे आणि खाज्याचा पुडा दिला. हिशेबात डायव्हिंगचे तिघांचेच पैसे होते. होडीचे सासूबाईंचे वेगळे भाडे मी विचारले, तर मालकांनी वही मिटली.

रविवारी सकाळी आम्ही ठाण्याला पोहोचलो. दुपारी प्रशिक्षकाचा फोन आला. मुलाचा कान कसा आहे, दडा उरला असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा, असे त्याने सांगितले. कान मोकळा झाला होता. फोन ठेवण्याआधी सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि विचारले की ती बादली तांडेलांनी जपून ठेवली आहे ना.